सूर्याची शपथ आणि वारुळाची माती

हरितपुरात धृतिमान राजा गादीवर होता, त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या न्यायसभेच्या शपथदाराच्या घरी जन्माला आला होता. सुदंत त्याचे नाव. मोठा होऊन तोच शपथदार झाला. साक्षीदाराने तोंड उघडण्याआधी त्याला शपथ घालायची, एवढेच शपथदाराचे काम. ऐकायला सोपे वाटते, पण हरितपुरात ते सोपे नव्हते. तिथे ज्याने त्याने आपापल्या दैवताची शपथ घ्यायची अशी जुनी रीत होती.

न्यायसभेच्या ओसरीवर एक लांब लाकडी फळी होती. तिच्यावर कोळ्यांसाठी नदीच्या पाण्याचे काशाचे भांडे, अग्नी पाळणाऱ्यांसाठी निखाऱ्यांची शेगडी, वृक्ष पुजणाऱ्यांसाठी रोज ताजे पिंपळपान, नाग मानणाऱ्या गवळ्यांसाठी वारुळाच्या मातीचे ढेकूळ आणि सूर्याच्या भक्तांसाठी घासून लख्ख केलेली तांब्याची तबकडी. फळीच्या टोकाला हातभर जागा मोकळी ठेवलेली असे. कुठलाच देव न मानणारे श्रमण आणि दोन-चार हट्टी म्हातारे यांच्यासाठी ती जागा. ते नुसत्या लाकडावर हात ठेवून बोलत.

शपथ घेऊन झाली की सुदंत त्या माणसाच्या तोंडाकडे नीट बघायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "शपथ लागली." हे दोन शब्द त्याच्या तोंडून आल्याशिवाय कुणाची साक्ष ऐकायची नाही, असा तिथला कायदा होता.

आता कुणाची शपथ कशाने लागते हे कळायचे तर माणसाच्या घरातले ठाऊक हवे. सुदंताला ते होते. कुणाकडे कोणत्या तिथीला काय रांधतात, कोणाच्या सुनेने माहेरचा देव सासरी आणला, कोण तोंडाने एक म्हणतो आणि अडचणीला दुसऱ्याला हाक मारतो, सगळे त्याला माहीत. जाता-येता उंबऱ्याशी थांबून विचारायचा, "काय हो, यंदा वारुळाला दूध गेलं नाही तुमच्याकडून? घरात सगळं बरं आहे ना?" लोक चिडवायचे, "सुदंता, तू आमच्या सुनांपेक्षा आमच्या चुलीजवळ जास्त असतोस." तो हसायचा आणि पुढच्या दारात थांबायचा. विचारण्यात त्याचा जिव्हाळा होता, म्हणून लोक सांगतही.

धृतिमान राजा मनाने चांगला. त्याला एकच मुलगी. एका वर्षी तिला ताप आला, डोळे हळदीसारखे पिवळे झाले, वैद्यांनी माना खाली घातल्या. राजा सूर्याच्या मंदिरात एकवीस दिवस उपाशी उभा राहिला. एकविसाव्या दिवशी मुलीने पेज मागितली. बापाला किती आनंद झाला असेल, सांगा. त्या आनंदाच्या भरात त्याला वाटले, जो माझ्या लेकीला पावला त्याच्या छायेत माझी सगळी प्रजा यावी. त्याने भानुमित्र पुरोहिताला बोलावले आणि आज्ञा लिहवून घेतली: यापुढे न्यायसभेत फक्त सूर्याची शपथ. जो ती घेणार नाही त्याची साक्ष ऐकायची नाही. फळीवर तेवढी तांब्याची तबकडी राहील, बाकीचे उचलावे.

सुदंत राजापुढे जाऊन उभा राहिला. "महाराज, एवढं करू नये."

राजाला नवल वाटले. "अरे, मी कुणाचा देव काढून घेतोय का? घरी ज्याला जे हवं ते त्यानं पुजावं. सभेत मात्र एकच असू दे. एकाच नावानं सगळे बोलले तर राज्य एकजीव होईल."

"बोलतील, महाराज. पण मनापासून बोलतील का?"

"तू फार चौकशा करतोस, सुदंता," राजा हसून म्हणाला. आणि ते बोलणे तिथेच संपले.

सुदंताने फळी रिकामी केली. पण टाकणार कुठे? सगळे घरी आणले. त्याची बायको मेखला दारातच उभी राहिली. "अहो, हे काय? एका देवाचं सोवळं सांभाळताना माझी कंबर मोडते, आणि आता गावाचे सगळे देव माझ्या उतरंडीपाशी?" असे म्हणाली खरी, पण वारुळाचे ढेकूळ तिने ओल लागू नये म्हणून उंच फळीवर ठेवले आणि शेगडीतला विस्तव आपल्या चुलीत घेतला.

पुढे काय झाले ते आधी कुणाच्या लक्षात आले नाही. न्यायसभेतली गर्दी कमी झाली. राजाला वाटले, सूर्याच्या धाकाने तंटे कमी झाले. खरे निराळेच होते. जे आपल्या दैवताला घाबरून वागणारे, ते सभेकडे फिरकेनासे झाले. दुसऱ्याच्या देवाची शपथ घ्यायला त्यांची जीभ रेटेना. आणि ज्यांना खोटेच बोलायचे होते त्यांची चैन झाली. एक बैलांचा दलाल तर बाजारात उघड म्हणाला, "सूर्याची शपथ घ्यायला माझं काय जातं? तो माझा कोण लागतो?" सुदंत अशांच्या तोंडाकडे बघायचा. त्याला दिसायचे, शपथ कुठेच लागलेली नाही, ओठांवरून घसरून गेली आहे. तरी राजाज्ञा म्हणून तो म्हणायचा, "शपथ लागली." पावसाळा संपून माघ येईपर्यंत त्याने हे चाळीस वेळा म्हटले. घरी त्याचे ताट अर्धे उरू लागले, आणि मेखलेला ते कळत होते.

माघात एका पहाटे नगराच्या पश्चिमेचे मोठे तळे फुटले. तळ्याच्या बांधाला पाणी सोडायची मोरी होती आणि मोरीवर सागवानी दार. ते दार कुणीतरी उचलले, पाण्याचा जोर आवरला नाही, आणि सूर्य वर येताना बांध कोसळल्याचा आवाज अख्ख्या गावाने ऐकला. खालच्या तीन वाड्यांचे उभे पीक वाहून गेले. तळे फोडणाऱ्याला त्या राज्यात देहदंड होता.

मोरीचा राखणदार अलात नावाचा तरुण माणूस होता. गरीब, कमी बोलणारा, सूर्याचा भाबडा भक्त. राजाने आज्ञा काढायच्या कितीतरी आधीपासून तो रोज पहाटे नगराच्या पूर्वेला नदीवर जाई, कमरेभर पाण्यात उभा राही आणि उगवत्या सूर्याला ओंजळीने अर्घ्य देई. त्या पहाटेही तो तिकडेच होता. पण रोहक आणि पंडुक या दोन कोळी भावांनी सांगितले, "आम्ही अलाताला दार उचलताना पाहिलं." अलाताला धरून नेले.

त्या गारठ्यात नदीवर दुसरे कोण असणार? एकच माणूस होते. गोधा नावाची गवळीण म्हातारी, म्हशी पाण्यावर घेऊन आलेली. ती अलाताला रोज बघायची आणि रोज त्याची थट्टा करायची. "काय रे, कालचं पाणी पुरलं नाही का त्याला? एवढं पाजतोस, तरी याची तहान काही भागत नाही." अलात हसून पुन्हा ओंजळ भरायचा. त्या पहाटे ती हेच म्हणाली, आणि ती म्हणत असतानाच पश्चिमेकडून बांध कोसळल्याचा आवाज आला.

म्हणजे अलाताचा जीव गोधेच्या साक्षीवर होता. आणि गोधा सूर्याची शपथ घ्यायला तयार नव्हती.

अलाताची बायको सोमा पोटुशी होती. ती गोधेच्या गोठ्यात जाऊन बसली. "आजी, चार शब्दांचं काम आहे. म्हणून टाका. कोण बघतंय?"

गोधेचे डोळे भरले होते. तिने सोमेला आधी ताक प्यायला लावले. मग म्हणाली, "पोरी, मी हटून बसलेय असं तुला वाटतं. आमच्यात लग्न होऊन आलेल्या पोरीला पहिल्या दिवशी वारुळापाशी नेतात. तिथं ती आपला शब्द ठेवते. म्हणते, आजपासून माझ्या बोलण्याची राखण तुझ्याकडे. पुन्हा तो दुसऱ्या कुणाकडे ठेवायचा नसतो. तुझा सूर्य चांगलाच आहे. माझ्या गोवऱ्या तोच वाळवतो. पण मी त्याला कधी वाटीभर दूध दिलं नाही. आता गरज पडली म्हणून त्याच्या दारात गेले तर तो म्हणेल, ही कोण बाई? आणि माझा म्हणेल, ही मला सोडून गेली. मग माझा शब्द राखायला उरलं कोण?"

सोमेला राग आला होता आणि म्हातारीचे म्हणणे कळतही होते. दोन्ही एकदम झाले की माणूस नुसता रडतो. ती रडली.

त्याच संध्याकाळी सुदंत तिथे आला. न बोलावता यायची त्याला सवयच होती. गोधेने त्याला विचारले, "सुदंता, तू एवढ्यांच्या शपथा ऐकल्यास. मला सांग, आधी खोटं बोलून मग खरं सांगितलं, तर ते खरं राहतं का?"

सुदंत जायला उठला. मग म्हणाला, "गोधाआई, तू उद्या सभेत ये. फक्त ये."

दुसऱ्या दिवशी न्यायसभा भरली. राजा आसनावर, बाजूला भानुमित्र, समोर हात बांधलेला अलात. ओसरीवर सोमा. रोहक आणि पंडुक पुढे आले, त्यांनी तांब्याच्या तबकडीवर हात ठेवला आणि न अडखळता सूर्याची शपथ घेतली.

सगळे सुदंताच्या दोन शब्दांची वाट बघू लागले. सुदंत गप्प.

"म्हण की," राजा म्हणाला.

"महाराज, शपथ लागलेली नाही. मी कसं म्हणू?"

सभेत कुजबूज झाली. भानुमित्र पुढे झुकला. "तबकडीवर हात ठेवलेला सगळ्यांनी पाहिला. तुला निराळं काय दिसलं?"

"पुरोहितजी, तुम्ही सूर्याची शपथ घ्याल तेव्हा तुमचा हात कापेल. यांचा कापला नाही. कारण हा देव यांचा नव्हे." मग तो राजाकडे वळला. "आजवर चाळीस वेळा मी खोटं म्हटलं, महाराज. आपल्या आज्ञेला मान म्हणून म्हटलं, आणि नोकरी जाईल या भीतीनंही म्हटलं. ते माझ्या माथी. आज एका माणसाची मान त्या दोन शब्दांवर आहे. आज मला ते म्हणता येत नाहीत."

राजाचा चेहरा उतरला आणि मग तापला. "आज्ञा मोडणाऱ्याला या नगरात राहता येत नाही, हे तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे. सकाळी निघतानाच बायकोला गाठोडं बांधायला सांगून आलोय. पण जाण्याआधी एक विचारायचं आहे. माझी सवय आपल्याला माहीतच आहे."

एवढ्यातही दोन-तीन जण हसले. राजाने हाताने खूण केली, विचार.

"ताईसाहेब आजारी होत्या तेव्हा आपण सूर्यासमोर उभे होतात. त्या वेळी कुणी येऊन सांगितलं असतं, इथं नाही, वारुळापुढं जाऊन नवस बोल, तरच औषध मिळेल. तर आपण गेला असतात?"

राजा पटकन म्हणाला, "गेलो असतो. मुलीसाठी कुठंही गेलो असतो. कुणाच्याही पाया पडलो असतो."

"आणि तो नवस लागला असता?"

राजाला ते एकवीस दिवस आठवले असावेत. हळू आवाजात म्हणाला, "नाही. तोंडानं बोललो असतो. मन इकडंच राहिलं असतं." मग, जणू स्वतःशीच, "आणि ज्यानं मला तिथं पाठवलं त्याला मी आयुष्यभर माफ केलं नसतं."

समजावून सांगायचे ते राजाने स्वतःच सांगितले होते.

राजाने अलाताकडे पाहिले, मग ओसरीवरच्या सोमेकडे. म्हणाला, "नदीचं पाणी आणा."

सुदंताच्या घरून आणलेल्या काशाच्या भांड्यातून पाणी आले. सुदंताने ते रोहकापुढे धरले. आवाज न चढवता म्हणाला, "रोहका, तुझ्या बारशाला याच पाण्याचा थेंब तुझ्या जिभेवर ठेवला होता. तुझ्या बापाच्या अस्थी यात आहेत. हात घाल आणि अलाताबद्दल सांगितलंस ते सांग."

रोहकाने हात पुढे केला. पाण्याला लागायच्या आधी बोटे थांबली. त्याने पंडुकाकडे पाहिले. पंडुक खाली बघत होता. रोहकाचा हात तसाच वर राहिला, आणि थरथरू लागला.

"दादा," तो सुदंताला म्हणाला, "हे पाणी नको."

आणि मग सगळे बाहेर आले. मोरीचे दार थोडे उचलून वाहत्या पाण्याला जाळे लावायचे, चार मासे मिळाले की दार पुन्हा टाकायचे, असा त्यांचा बेत होता. दार हातून निसटले. तळे फुटेल असे त्यांच्या मनातही नव्हते. घाबरून त्यांनी अलाताचे नाव घेतले. त्या तबकडीवर हात ठेवताना काहीच वाटले नाही, असेही रोहकाने सांगितले. ते सांगताना त्याला लाज वाटत होती.

गोधा तोवर खांबाला टेकून उभी होती. ती पुढे आली, पदराची गाठ सोडली आणि तिच्यातले वारुळाच्या मातीचे ढेकूळ तळहातावर घेतले. ते ती घरूनच घेऊन आली होती. सुदंताने तिच्या तोंडाकडे पाहिले आणि कित्येक महिन्यांनी मोकळ्या आवाजात म्हणाला, "शपथ लागली."

"सांग, आजी," राजा म्हणाला.

"काय सांगायचं, बाबा? हा पोरगा नदीत उभा होता, आपल्या देवाला पाणी पाजत. रोज पाजतो. थंडी असो, पाऊस असो. मी थट्टा करते, तरी त्यानं एक दिवस चुकवला नाही. त्या पहाटे दोन ओंजळी झाल्या होत्या, तिसरी हातात होती, तेवढ्यात आवाज आला. तिसरी त्याच्या हातून सांडली."

भानुमित्र इतका वेळ अस्वस्थ होता. त्याने विचारले, "पण आज्ञा गेली तर सूर्याचा मान कुठं राहिला?"

गोधा त्याच्याकडे वळली. "गेला कुठं? तुमच्या देवाचा एक खरा भक्त आहे हे आज भर सभेत मीच सांगितलं ना. मी त्याची कुणी नसताना सांगितलं. तुम्ही सांगितलं असतंत तर कोण ऐकणार होतं, घरचेच तुम्ही."

सभा हसली, आणि भानुमित्रही हसला. तो वाईट माणूस नव्हता. आपल्या देवाचे सगळ्यांनी नाव घ्यावे असे कुणाला वाटत नाही?

राजाने अलाताचे हात स्वतः सोडले. कोळी भावांनी आपल्या तोंडाने खरे सांगितले म्हणून त्यांना देहदंड दिला नाही. तळ्याचा बांध पुन्हा बांधून होईपर्यंत त्यांनी तिथे माती वाहावी आणि खालच्या वाड्यांच्या पेरणीला हातभार लावावा, असे ठरले. आणि राजाने नवी आज्ञा लिहवली. ती अशी: राजाने आपल्या देवाला हवे ते द्यावे, आपला मुकुट वाहावा, आपला उपास करावा. दुसऱ्याच्या मनातली जागा मात्र त्याने देवाला देऊ नये, कारण ती त्याची नव्हे. कायद्याने साक्षीदाराला खरे बोलायला सांगावे. कुणाला स्मरून, ते साक्षीदार ठरवील.

त्या दुपारी मेखलेने गाठोडे सोडले. काशाचे भांडे सोडून बाकी सगळे देव डोक्यावर घेऊन ती स्वतः न्यायसभेपर्यंत आली आणि ओसरीवर मांडून गेली.

सुदंताची नोकरी राहिली, पण तो स्वतःला लगेच मोकळा समजला नाही. न लागलेल्या ज्या चाळीस शपथा त्याने लागल्या म्हणून सांगितल्या होत्या, त्यांच्यामुळे हरलेल्यांच्या एकेका दारात तो गेला. "माझ्या तोंडून खोटं गेलं. तुमचा निकाल पुन्हा करून घ्या," असे सांगत फिरला. काहींनी त्याला बसवून घेतले, काहींनी बोलणी ऐकवली. त्याने दोन्ही ऐकून घेतले आणि निघताना, घरात सगळे बरे आहे ना, तेवढे विचारलेच.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे पुढे बुद्ध झालेल्या त्याच बोधिसत्त्वाने, नंदिवड्ढ नावाच्या गृहपतीला सांगितली. या गृहपतीच्या पदरी पुष्कळ विणकर होते. शास्त्यांवर त्याची अपार श्रद्धा. त्या श्रद्धेपोटी त्याने हुकूम काढला, की जो विहारात जाऊन शास्त्यांना शरण जाईल त्यालाच विणायला सूत मिळेल. दुसऱ्या दिवशी विहाराच्या दाराशी विणकरांची रांग लागली. त्या रांगेत एक म्हातारी होती. तोंडाने शरणाचे शब्द म्हणत होती आणि नजर सारखी दाराकडे होती. शास्त्यांनी तिला जवळ बसवून विचारले, "आई, हे कुणासाठी म्हणतेस?" ती म्हणाली, "सुतासाठी, भंते." गृहपती शरमून गेला. तेव्हा शास्ते त्याला म्हणाले, "गृहपती, वाईट वाटून घेऊ नकोस. तू हे मायेपोटी केलंस. मागंही असंच केलं होतंस." आणि त्यांनी ही हकीकत सांगितली.

गृहपतीने त्याच दिवशी सगळ्यांच्या घरी सूत पाठवले. महिन्याभराने तो पुन्हा विहारात आला, थोडा खट्टू होऊन. "भंते, पुष्कळ जण अजून येतात. पण ती म्हातारी काही पुन्हा आली नाही."

"सूत जातं ना तिच्याकडे?"

"जातं."

"कापड कसं विणते?"

"सगळ्यांत चांगलं."

"मग तिचं बरं चाललं आहे," शास्ते म्हणाले, "आणि आता तुझंही."

मग त्यांनी जन्मांची जुळणी करून दाखवली. "त्या वेळी राजा धृतिमान होता तो तू, नंदिवड्ढा. गोधा होती ती तुझी विणकरीण म्हातारी. अलात म्हणजे हा भिक्षू उत्तिय, जो आजही पहाटे सगळ्यांच्या आधी उठतो. ते दोघे कोळी आज याच सभेत बसले आहेत. त्यांची नावं सांगत नाही, कारण त्यांनी आपलं ओझं तेव्हाच उतरवलं. आणि शपथदार सुदंत म्हणजे मीच."

दोन शब्द न उच्चारून बोधिसत्त्वाने त्या जन्मी जी पूर्ण केली, ती सत्याची पारमी, म्हणजे सत्यपालनाची परिपूर्णता.